उद्दिष्ट ठरवताना समोर कोण बसलं होतं?

गडचिरोलीपासून काही अंतरावर, धानोऱ्याच्या रस्त्याला असलेल्या शोधग्रामातला ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ एका साध्या विचारणेतून आकाराला आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आसपासच्या गावांतल्या आदिवासींना विचारलं, की सरकारी दवाखान्यात जायला तुम्ही का कचरता? तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात आणि पांढरं कापड तर मेलेल्या माणसावर घालतात, असं एक उत्तर आलं. इमारत इतकी मोठी की माणूस आत हरवतो, पेशंटला ठेवून घेतात आणि त्याच्या माणसांना बाहेर काढतात, तिथे देव नसतो, अशीही उत्तरं आली. त्यातून शोधग्रामातला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला, नातेवाइकांना राहायची सोय झाली आणि नाव देवीचं आलं. पुढे जत्रेच्या निमित्ताने गावोगावचे प्रतिनिधी जमू लागले आणि कोणत्या आजारावर आधी काम व्हावं हे सांगू लागले. मलेरिया हा असाच लोकांनी पुढे केलेला विषय.

यातून कुठल्याही संस्थाप्रमुखाने घेण्यासारखं बरंच आहे. त्याची संस्था चंद्रपुरातली पतसंस्था असो, एटापल्लीची आश्रमशाळा असो की बल्लारपूरचा एखादा कारखाना. काम करणाऱ्या माणसाला त्या कामाबद्दल जे ठाऊक असतं, ते आकडा ठरवणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. उद्दिष्ट सगळ्यांनी मिळून ठरवायचं ते या माहितीसाठी. आपली माहिती आकड्यात उतरली, आपण सांगितल्यामुळे काहीतरी बदललं, हे दिसलं की माणसाचा कामातला जीव वाढतो. ‘कर्मचाऱ्यांना प्रेरणा कशी द्यावी’ या विषयावरची भाषणं याच ठिकाणी चुकतात. त्यांत प्रेरणा ही वरून द्यायची वस्तू समजली जाते.

या विषयावरचं सगळ्यांत भक्कम संशोधन योगायोगाने जंगलातच झालं. एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं, की ‘जमेल तेवढं चांगलं करा’ असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट समोर असलेला माणूस जास्त काम करतो. ते प्रयोगशाळेतलं होतं. गॅरी लॅथम यांनी ते लाकूडतोड्यांच्या टोळ्यांवर आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवर तपासलं. ओक्लाहोमातल्या ट्रकमध्ये कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच माल भरला जात होता. चालकांना ९४ टक्क्यांचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. त्यासोबत एक शब्दही दिला गेला, की गाठलं नाही तर शिक्षा नाही आणि गाठलं तर बक्षीसही नाही. पहिल्या महिन्यात भरणा ८० टक्क्यांवर गेला. दुसऱ्या महिन्यात तो ७०च्या आसपास उतरला. तिसऱ्या महिन्यापासून नव्वदीपलीकडे गेला आणि तिथेच टिकला.

यातला दुसरा महिना प्रत्येक वरिष्ठाने नीट समजून घ्यावा असा आहे. शिक्षा होणार नाही हा शब्द खरा आहे की नुसता बोलण्यापुरता, हे चालक पारखून पाहत होते. घसरण झाली तरी कुणी आरडाओरडा केला नाही, कुणाला नोटीस गेली नाही, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. मग चालकांनीच ट्रकमध्ये छोटे बदल सुचवले, जेणेकरून भरलेल्या मालाचं वजन नजरेने नीट जोखता यावं. नवं उद्दिष्ट घेतल्यावर दुसऱ्या महिन्यात आकडा खाली आला, तर आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया काय होते हे कुणालाही विचारावं. स्पष्टीकरण मागवणारं पत्र निघतं, आणि त्याच दिवशी ती योजना संपते.

लॅथम आणि गॅरी युकल यांनी १९७५ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोही लाकूडतोड करणाऱ्यांवरचाच. काही टोळ्यांना उद्दिष्ट नेमून दिलं, काहींना ते मिळून ठरवू दिलं. शिक्षण फार कमी असलेल्या टोळ्यांमध्ये मिळून ठरवलेली उद्दिष्टं नेमून दिलेल्यांपेक्षा जास्त अवघड निघाली आणि ती जास्त वेळा गाठलीही गेली. अशिक्षित माणसाला उद्दिष्ट ठरवायला सांगितलं तर तो सोपं काहीतरी निवडून मोकळा होईल, ही शंका आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास बोलली जाते. त्या जंगलात तरी घडलं ते उलटं.

गडचिरोलीत याचा अनुभव याहून मोठा आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा हे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचं गोंड गाव, शेजारच्या लेखा गावामुळे ‘मेंढा (लेखा)’ म्हणून ओळखलं जाणारं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या दोघांची नावं त्याच्याशी कायमची जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. एवढं बातम्यांमधून सगळ्यांनी वाचलेलं आहे. संस्था चालवणाऱ्याच्या उपयोगाचा भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी तयार झालेला आहे, आणि तो म्हणजे निर्णय घेण्याची पद्धत.

मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका चालतात. एक अभ्यासगटाची आणि दुसरी ग्रामसभेची. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. कायदा काय म्हणतो, बांबू किती, तोड कशी करावी, बाजारभाव काय, बाहेरचा जाणकार काय सांगतो, हे सगळं तिथे बोलायचं. बाहेरचा माणूस अभ्यासगटात बसू शकतो. पण अभ्यासगट काहीही ठरवत नाही. ठरवते ती ग्रामसभा, तिथे गावकरीच बोलतात, आणि ठरतं ते सर्वसहमतीने, बहुमताने नव्हे. एखाद्याची हरकत असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. यात वेळ जातो हे खरं. मात्र ठरल्यानंतर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असं म्हणत बाजूला बसणारा गट उरत नाही.

बहुतेक कार्यालयांत या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरकल्या जातात. साहेब आकडे दाखवतात, अर्ध्या तासात चर्चा होते, ‘कुणाला काही बोलायचंय का’ असं विचारलं जातं, कुणी बोलत नाही आणि सहमती झाली असं मानलं जातं. ज्याला विषय पाच मिनिटांपूर्वी कळला त्याने काय बोलावं? म्हणून पहिली व्यावहारिक सूचना ही, की समजून घेण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवावी, मध्ये निदान आठवडाभर जाऊ द्यावा. पहिल्या बैठकीत गेल्या वर्षीचे आकडे, खर्च, तक्रारी सगळ्यांसमोर उघडे मांडावेत. त्या बैठकीत निर्णय होणार नाही हे आधीच सांगावं. दडपण कमी झालं की माणसं बोलतात. घरी जाऊन विचार करतात, चहाच्या टपरीवर आपसांत बोलतात आणि दुसऱ्या बैठकीला काहीतरी घेऊन येतात.

आश्रमशाळेचं उदाहरण घेऊ. ‘उपस्थिती ९० टक्के’ असं उद्दिष्ट वरून आलं, तर मुख्याध्यापक ते शिक्षकांना सांगतात आणि शिक्षक हजेरीपटाकडे पाहतात. मुलं कधी आणि का गळतात हे मात्र अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांना जास्त ठाऊक असतं. दिवाळीच्या सुटीला गेलेलं मूल धानकापणी संपल्याशिवाय येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला घरी हात लागतात, मे उजाडला की तेंदूपत्ता. कुठल्या गावाहून एसटी बंद आहे, कुठल्या मुलाला वसतिगृहात रात्री भीती वाटते, हे कामाठ्याला माहीत असतं. त्याला बैठकीत बसवलं तर ‘९० टक्के’ या आकड्याचं रूप बदलतं. ‘दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पहिली-दुसरीची सगळी मुलं परत आलेली असावीत, त्यासाठी सुटी संपण्याआधी अमुक गावांना अमुक माणसाने जाऊन यावं’ असं काहीतरी कागदावर येतं. हे गाठता येतं, मोजता येतं, आणि कामाठ्याला ते आपलं वाटतं, कारण त्यातली गावांची यादी त्याने दिलेली असते.

पतसंस्थेतही तसंच. मार्चची वसुली वाढवायची असेल तर पिग्मी एजंटला विचारावं, कर्जदाराच्या हातात पैसा कोणत्या महिन्यात येतो. ज्या घराचा पैसा तेंदूच्या हंगामात येतो त्याचा हप्ता मार्चअखेर ठेवला, तर थकबाकी आपणच तयार केलेली असते.

मोजमापाचा मुद्दा यानंतरचा, आणि बहुतेक योजना तिथेच ढेपाळतात. उद्दिष्ट गाठलं जातंय की नाही हे ज्याने काम करायचं त्याला स्वतःला दिसलं पाहिजे. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या सुइणींसाठी केलेलं श्वासमापक या बाबतीत अभ्यासावं असं आहे. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे का हे श्वासाच्या वेगावरून ओळखता येतं. पण अनेक सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा मणी लावलेली एक पट्टी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असं साधन तयार झालं. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर आजार आहे. साक्षर नसलेली बाई स्वतः निदान करू लागली, तिला आकडा वाचून दाखवायला कुणी लागलं नाही.

याच कामाचा पुढचा टप्पा म्हणजे घरोघरी नवजात बाळांची काळजी. सर्चने ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणं, एवढं त्या शिकल्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर आली. गावातल्या बाईला एवढी अवघड जबाबदारी दिली आणि ती तिने पेलली, याचं एक कारण प्रशिक्षण आणि दुसरं कारण मोजमाप तिच्या हातात असणं. बाळाचं वजन वाढलं की नाही हे तिला तिच्या काट्यावर दिसत होतं. तालुक्याहून अहवाल यायची वाट पाहायची नव्हती.

कार्यालयासाठी याचा अर्थ असा, की संगणकातल्या डॅशबोर्डवर साहेबांना दिसणारा आकडा पुरेसा नाही. भिंतीवर एक फळा, त्यावर रोज किंवा आठवड्याला संबंधित माणसाने स्वतः लिहिलेले दोन-तीन आकडे, एवढंही खूप काम करतं. अट एकच, की आकडा त्यानेच लिहायचा आणि तो का वर-खाली झाला हे त्यानेच सांगायचं. उद्दिष्टं दोन, फार तर तीन ठेवावीत. बारा उद्दिष्टं असलेल्या माणसाला उद्दिष्टच नसतं, त्याला फक्त रकाने भरायचे असतात.

आता अडचणीचा प्रश्न. सगळीच उद्दिष्टं खाली ठरवता येत नाहीत. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राने किती वीज द्यायची, कोळसा खाणीतून किती कोळसा निघावा, बँकेच्या शाखेने पीककर्ज किती वाटावं, हे वरूनच येणार. मग सहभागाला अर्थ काय?

या प्रश्नावर संशोधकांचाच वाद झाला होता. इस्रायलच्या मिरियम एरेझ यांच्या प्रयोगांत मिळून ठरवलेलं उद्दिष्ट स्पष्टपणे सरस ठरत होतं. लॅथम यांच्या पुढच्या प्रयोगांत मात्र नेमून दिलेलं उद्दिष्टही तितकंच चालत होतं. एकमेकांवर टीकालेख लिहीत बसण्याऐवजी दोघांनी एकत्र प्रयोग आखले आणि एडविन लॉक यांना मध्यस्थ म्हणून बसवलं. १९८८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फरकाचं मूळ नेमून देण्याच्या रीतीत होतं. एरेझ यांच्या प्रयोगांत उद्दिष्ट तुटकपणे सांगितलं जात होतं, ‘हे करा’ म्हणून. लॅथम यांच्याकडे ते का हवं आहे हे समजावून, माणसावर विश्वास दाखवून सांगितलं जात होतं. कारणासकट सांगितलेलं उद्दिष्ट मिळून ठरवलेल्याच्या जवळपास पोचतं, कारणाविना फेकलेलं कुठेच पोचत नाही. लॅथम यांच्या नंतरच्या अभ्यासातून असंही पुढे आलं, की सहभागाचा मोठा फायदा काम कसं करायचं याच्या युक्त्या एकमेकांना कळण्यात असतो.

तेव्हा आकडा वरून आलेला असला तरी दोन गोष्टी संस्थाप्रमुखाच्या हातात राहतात. तो आकडा कुठून आला, त्यामागे कुणाची कोणती गरज आहे, हे त्याने स्वतः समजून घेऊन सांगावं. स्वतःलाच पटलेलं नसेल तर आधी वरिष्ठांकडे जाऊन विचारावं, कारण समोरच्या माणसाला ते लगेच कळतं. आणि ‘किती’ ठरलेलं असलं तरी ‘कसं’ हे पूर्णपणे खालच्या माणसांवर सोपवावं. कोणत्या पाळीत, कोणत्या क्रमाने, कुणी कुणाबरोबर, हे सगळं त्यांनी ठरवावं.

पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या पुस्तकात उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली तेव्हा तिच्यासोबत ‘स्वयंनियंत्रण’ हेही जोडलेलं होतं. माणसाने स्वतःच्या कामावर स्वतः नजर ठेवावी यासाठी उद्दिष्ट. पुढे पहिला भाग जगभर पसरला, दुसरा मागे पडला, आणि उद्दिष्ट हे वरिष्ठांच्या हातातलं मोजपट्टीचं साधन होऊन बसलं.

तसं झालं की काय घडतं याचा सगळ्यांत मोठा भारतीय धडा कुटुंब नियोजनाचा आहे. कित्येक वर्षं आरोग्यसेविकेला शस्त्रक्रियांचं आणि तांबीचं वार्षिक ‘टार्गेट’ असे. ते पूर्ण झालं नाही तर बोलणी बसत. परिणामी आकडे फुगले, बायकांच्या गरजा बाजूला पडल्या. अखेर एप्रिल १९९६ पासून केंद्र सरकारने ही वरून दिलेली टार्गेट्स देशभर काढून टाकली आणि पुढच्याच वर्षी गावपातळीवरच्या गरजांचा अंदाज घेऊन खालून आराखडा करण्याची पद्धत जाहीर केली. कागदावरची दिशा बदलली, सवय मात्र हळू बदलते. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यूंची मोजणी केली. ‘कोवळी पानगळ’ या नावाने आलेल्या त्या अहवालातून दिसलं, की प्रत्यक्षातले बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

वाईट बातमी आणणाऱ्याला जिथे त्रास होतो तिथे वाईट बातमी येणं बंद होतं. खाणीच्या आणि कारखान्याच्या सुरक्षेत हे जिवावर बेततं. ‘शून्य अपघात’ हे ध्येय योग्यच आहे, पण तेच जर विभागाचं गुणपत्रक झालं तर किरकोळ इजा लपवल्या जातात आणि पुढच्या मोठ्या अपघाताची सूचना हरवते. त्यापेक्षा ‘या महिन्यात धोक्याच्या किती जागा कामगारांनी दाखवल्या आणि त्यांतल्या किती दुरुस्त झाल्या’ हे उद्दिष्ट घ्यावं. इथे जास्त आकडा म्हणजे चांगलं काम. मोठ्या खाणींमध्ये कामगार प्रतिनिधींसह सुरक्षा समिती असावी अशी तरतूद आहेच, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेलं अनुच्छेद ४३-क उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाबद्दल बोलतं. चौकट तयार आहे, तिच्यात बोलणं व्हायला हवं.

आवाक्याबाहेरचा आकडा कुणाच्याही माथी मारू नये, हेही याच ओघात येतं. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वाघ आणि माणूस यांच्यातला संघर्ष रोजचा आहे. तिथल्या वनरक्षकाला ‘तुझ्या बीटमध्ये हल्ला होता कामा नये’ असं उद्दिष्ट दिलं तर त्याने काय करावं? वाघ कुठून जाईल हे त्याच्या हातात नाही. पण मोहफुलं वेचायला पहाटे एकट्याने जाऊ नये हे सांगायला हंगामाआधी तो किती पाड्यांवर गेला, गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाला किती वेळात निरोप पोचला, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा किती दिवसांत झाला, हे त्याच्या हातातलं आहे. आणि काम अगदीच नवं असेल तर सुरुवातीला निकालाचा आकडा ठेवूच नये. ‘तीन महिन्यांत हे काम करण्याच्या चार रीती शोधून, करून पाहून सांगा’ असं शिकण्याचं उद्दिष्ट द्यावं. नव्या कामात निकालाचा आकडा लवकर लादला तर माणसं घाबरून पहिली सापडलेली वाट धरतात, हेही संशोधनातून दिसलेलं आहे.

एका गोष्टीकडे मात्र फार कमी संस्थांचं लक्ष जातं. ती म्हणजे काय करायचं नाही हे मिळून ठरवणं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. एल्गार प्रतिष्ठानच्या पारोमिता गोस्वामी यांच्या साथीने या गावाने वनहक्कासाठी लढा दिला आणि २०१२ मध्ये त्याला सुमारे एक हजार हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. गाव स्वतः बांबू तोडतं, विकतं, त्याच्या राखणीला पाळीपाळीने माणसं जातात. आणि याच गावाने तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदूच्या हंगामासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, त्याने जंगलाचं नुकसान होतं, म्हणून. हातात येणारा पैसा सोडायचा हा निर्णय बाहेरच्या कुणी सांगितला असता तर टिकला नसता. रोज जंगलात जाणाऱ्या माणसांनी तो घेतला, कारण बांबूतून त्यांना जे दीर्घकाळ हवं होतं त्याच्या आड तेंदू येत होता. जंगलाचा काही भाग तर त्यांनी कसल्याही तोडीविना राखून ठेवला आहे.

कार्यालयाने वर्षातून एकदा तरी ही बैठक घ्यावी. कोणता अहवाल कुणीच वाचत नाही, कोणती बैठक बंद केली तर कुणाचंही अडणार नाही, कोणतं काम जुन्या साहेबांच्या आवडीमुळे अजून चाललंय, हे कारकून आणि शिपायाला अचूक ठाऊक असतं. दोन कामं काढून टाकल्यावर एक नवं उद्दिष्ट घेतलं तर माणसं ते मनापासून घेतात. आधीच्या ओझ्यावर आणखी एक ठेवलं, तर सगळं सहभागाचं बोलणं त्यांना पोकळ वाटतं, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नसते.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मिळून उद्दिष्ट ठरवणं हे कमी पगाराला उत्तर नाही. ज्याचं मानधन महिनोन्‌महिने थकलं आहे त्याला आधी मानधन द्यावं, मग बैठकीला बोलवावं. आणि उद्दिष्ट गाठल्यावर फायदा झाला तर त्याचं वाटप कसं होणार हे आधीच, त्याच बैठकीत, लिहून ठेवावं. एकेकट्याला बक्षीस ठेवलं की युक्त्या सांगणं बंद होतं. शेजारच्याला चांगली रीत कळली तर माझं बक्षीस जातं, असा हिशेब सुरू होतो. कामच जर एकमेकांवर अवलंबून असेल तर वाटप गटाने व्हावं.

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत वेळापत्रकालाही वेगळा विचार लागतो. एप्रिल ते मार्च हे वर्ष जंगलाला आणि पावसाला लागू होत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी बारा महिन्यांच्या आकड्याला बाराने भागून मासिक उद्दिष्ट काढलं, तर जुलै-ऑगस्टमध्ये अपयश आधीच लिहून ठेवल्यासारखं होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून वर्षाचे त्यांच्या सोयीचे तुकडे पाडावेत. पावसाआधीचं काम, पावसातलं काम, धानकापणीनंतरचं काम. आढावा दर महिन्याला घ्यावा, पण छोटा, अर्ध्या तासाचा, आणि त्यात तीनच प्रश्न असावेत. काय झालं, काय अडलं, कुणाची मदत हवी. ‘का झालं नाही’ हा प्रश्न आला की उत्तराऐवजी सबब येते.

भाषेचंही तसंच आहे. बैठक मराठीतून चालते तेव्हा घरात गोंडी किंवा माडिया बोलणारा, दक्षिणेकडे सिरोंच्यात तेलुगू बोलणारा कर्मचारी बऱ्याचदा ऐकून घेतो आणि गप्प बसतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. अशा वेळी आधी चार-पाच जणांचे गट करावेत, आपापल्या भाषेत बोलू द्यावं आणि गटातल्या एकाने सगळ्यांचं म्हणणं मांडावं. बायकांचा गट वेगळा बसवला तर त्या मोकळेपणाने बोलतात, निदान पहिल्या काही बैठका तरी तसं करावं. सगळ्यांत ज्येष्ठ अधिकाऱ्याने शेवटी बोलावं. त्याने सुरुवातीलाच मत दिलं की बाकीच्यांचं बोलणं त्या मताभोवतीच फिरत राहतं.

आणि कंत्राटी माणसांना विसरू नये. खाणीत, वीज केंद्रात, दवाखान्याच्या सफाईत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आज बरंच काम ठेकेदाराच्या माणसांकडून होतं. संस्थेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं, म्हणून बैठकीच्या यादीतही ते नसतात, आणि नेमकी त्यांच्याकडेच ती माहिती असते जी उद्दिष्ट ठरवायला हवी. त्यांची बैठक पाळी बदलताना, कामाच्या जागी आणि त्या तासाची मजुरी न कापता घ्यावी. ठेकेदाराशी होणाऱ्या करारात ही अट आधीच लिहून घेता येते.